विरजण आईकडचं

दही लावायचं तर घरात आधी दही हवं. दूध कितीही दाट असो, विरजणाशिवाय ते दही होत नाही. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं, नेमकं असंच आहे. शाळेच्या पुस्तकात ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ या दोन शब्दांत आटोपलेली तंतुकणिका पेशीला शून्यातून घडवता येत नाही. असलेलीच वाढते, लांबते आणि मधोमध आवळली जाऊन तिच्या दोन होतात. हे मूळ विरजण आपल्याला आईच्या बीजांडातून मिळतं.

तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो, पण त्यात जनुकं अवघी 37 आणि त्यांतून बनणारी प्रथिनं फक्त 13. तिला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांबरहुकूम बाहेर तयार होऊन तिच्यात शिरतात. म्हणजे दोन ठिकाणची कामं एकाच वेळी जुळायला हवीत. ती जुळवणारं मुख्य प्रथिन पीजीसी-1 अल्फा. अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेनं 1998 मध्ये ते उंदरांच्या तपकिरी चरबीत शोधलं; थंडी पडली की तिथं त्याचं प्रमाण झपाट्यानं वाढत होतं.

स्नायूंमध्ये हेच प्रथिन श्रमानं जागं होतं. चालताना, जिना चढताना पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी हे रसायन खर्च होतं, ऊर्जेची चणचण पेशीला कळते आणि नव्या तंतुकणिकांची तयारी सुरू होते. श्रमानं स्नायूंतल्या तंतुकणिका वाढतात, हे सेंट लुईसच्या जॉन हॉलोझी यांनी 1967 मध्येच दाखवलं होतं. 12 आठवडे ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली होती.

जेवणानंतर रक्तात उतरणारी बरीचशी साखर स्नायूच उचलतात, म्हणून मधुमेहाच्या काळजीत असलेल्या प्रत्येक घराशी या गोष्टीचा संबंध आहे. जुन्या, बिघडलेल्या तंतुकणिका वेळेवर मोडीत निघणंही तितकंच गरजेचं. ते काम पाहणाऱ्या पार्किन आणि पिंक-1 या जनुकांत दोष असला, तर तरुण वयातही पार्किन्सन गाठू शकतो. तंतुकणिका वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एकाही गोळीला चालण्याची सर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंथरुणाला खिळलं की स्नायूंतल्या तंतुकणिका भराभर घटतात. हालचाल सुरू केली की सत्तरीतही त्या पुन्हा वाढतात. आजारातून उठलेल्या आजी-आजोबांना आपण मायेनं ‘पडून राहा’ म्हणतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर तसं म्हणू नका. त्यांचा हात धरा आणि अंगणात दोन फेऱ्या मारून आणा.