परीक्षेतील अनुज्ञेय कॅल्क्युलेटरची निवड : मावळ-लोणावळा परिसरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मावळ तालुका व लोणावळा परिसर यांचा अभियांत्रिकीशी असलेला संबंध जुना आहे. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे वर चढली, १९१५ मध्ये येथील तलावांच्या पाण्यावर खोपोली येथे टाटांची जलविद्युत निर्मिती सुरू झाली आणि १९४५ मध्ये आय.एन.एस. शिवाजी ही नौदलाची सागरी अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था लोणावळ्यात कार्यान्वित झाली. आज कुसगाव, तळेगाव दाभाडे या भागांत अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. तेथून पदवी घेणारा विद्यार्थी पुढे एकाच परीक्षेला बसतो असे नाही. विद्यापीठाची परीक्षा, गेट, संघ लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आणि परदेशी गेल्यास तेथील व्यावसायिक परवान्याची परीक्षा असा त्याचा मार्ग असू शकतो. या प्रत्येक ठिकाणी कॅल्क्युलेटरविषयीचा नियम निराळा आहे. मात्र कॅल्क्युलेटरची खरेदी प्रथम वर्षाला प्रवेश घेताना, बहुधा दुकानदाराच्या किंवा वरच्या वर्गातील मित्राच्या सांगण्यावरून होते. प्रस्तुत लेखात ही निवड कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार केला आहे.

नियमांचे स्वरूप

विधी व्यवसायाप्रमाणे अभियंत्यांसाठी अखिल भारतीय स्वरूपाची परवाना परीक्षा आपल्याकडे आजवर अस्तित्वात आलेली नाही. त्यामुळे 'अनुज्ञेय कॅल्क्युलेटर' हा प्रश्न येथे प्रामुख्याने विद्यापीठीय व स्पर्धा परीक्षांच्या संदर्भात उद्भवतो.

पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) अभियांत्रिकी प्रश्नपत्रिकांवर अनेक वर्षे एक सूचना छापली जात आली आहे. लघुगणक सारणी, स्लाइड रूल, मोलिअर आलेख, वाफेच्या सारण्या आणि इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरण्यास तीत अनुमती असते. स्लाइड रूल पाहिलेला विद्यार्थी आता मिळणे कठीण, तरी सूचनेत त्याचे स्थान टिकून राहिले. ज्या कॅल्क्युलेटरने त्याला हद्दपार केले तो प्रोग्रॅमेबल असावा की नसावा, याविषयी मात्र ती सूचना काही सांगत नाही. हा निर्णय प्रत्यक्षात वर्गावरील पर्यवेक्षकाला घ्यावा लागतो.

अभियांत्रिकी सेवा परीक्षेत नियम अधिक स्पष्ट आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या पूर्वपरीक्षेत कॅल्क्युलेटरला मनाई आहे; मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिकांसाठी प्रोग्रॅमेबल नसलेला कॅल्क्युलेटर चालतो. गेट परीक्षेत स्वतःचे यंत्र आत नेताच येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील आभासी कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो.

अमेरिकेतील 'फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग' आणि 'प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ इंजिनिअरिंग' या परवान्यासाठीच्या परीक्षा नॅशनल कौन्सिल ऑफ एक्झामिनर्स फॉर इंजिनिअरिंग अँड सर्व्हेइंग ही संस्था घेते. तिने गुणधर्म न सांगता थेट नावांची यादी दिली आहे : कॅसिओची एफएक्स-११५ व एफएक्स-९९१ ही मालिका, एचपी ३३एस व ३५एस, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीआय-३०एक्स व टीआय-३६एक्स ही मालिका. यादीबाहेरचे यंत्र कितीही साधे असले तरी चालत नाही.

येथे एक बाब लक्षणीय आहे. एचपी ३५एस हे यंत्र प्रोग्रॅमेबल आहे. म्हणजे जे यंत्र आपल्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत निषिद्ध ठरते, ते अमेरिकेच्या परवाना परीक्षेत अनुज्ञेय आहे. या विसंगतीचे कारण दोन्ही नियमांच्या हेतूंत आहे. आपल्या नियमाला भीती आहे ती सूत्रे साठवून आत नेली जाण्याची. अमेरिकन संस्थेचा मुख्य रोख प्रश्न नोंदवून बाहेर नेले जाण्यावर आहे. म्हणून मजकूर लिहिता येणारी व संदेशवहन करणारी यंत्रे तिने वर्ज्य केली. नियमामागील हा हेतू उमगल्याखेरीज 'प्रोग्रॅमेबल' या शब्दाचा अर्थही नीट लागत नाही. एफएक्स-९९१ मालिकेतील यंत्र समीकरणे सोडविते, सारणिकांचे गणित करते, निश्चित संकलनही करते. तरीही ते प्रोग्रॅमेबल नव्हे, कारण आज्ञांची मालिका साठवून ती पुन्हा चालविण्याची सोय त्यात नाही. कळांची संख्या पाहून यंत्र जप्त करणाऱ्या पर्यवेक्षकाने हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्याच्या एका गैरसमजाने विद्यार्थ्याची संपूर्ण प्रश्नपत्रिका संकटात येते.

या सर्व नियमांत, गेट व सेवा पूर्वपरीक्षा वगळता, सामाईक बसणारी निवड म्हणजे एफएक्स-९९१ किंवा टीआय-३०एक्स, ३६एक्स ही मालिका होय. त्यांतही एफएक्स-९९१ एमएस, ईएस प्लस, ईएक्स व सीडब्ल्यू यांची कळरचना सारखी नाही. जुन्या यंत्रावर सराव करून ऐनवेळी नवे विकत घेणे म्हणूनच हिताचे नाही.

यंत्र आणि उत्तर

अनुज्ञेय यंत्र हाती असूनही उत्तर चुकू शकते. भोर घाटातील रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. त्याचा कोन सुमारे १.५४८ अंश होतो. १००० टन वजनाच्या गाडीचा उतारालगतचा वजनघटक काढावयाचा झाल्यास १००० ला या कोनाच्या साइनने गुणावे लागते. उत्तर सुमारे २७ टन. यंत्र रेडियनवर राहिले असेल तर उत्तर जवळजवळ पूर्ण १००० टन येते, आणि हा अनर्थ विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याची शक्यता असते. परंतु यंत्र ग्रेडियनवर असेल तर उत्तर २४.३ टन येते. ते पटण्याजोगे दिसते, म्हणूनच अधिक घातक आहे.

दुसरी चूक घातांकाची. १५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणाला पोलादाच्या २×१०^५ या स्थितिस्थापकता गुणांकाने भागताना काही विद्यार्थी १५० ÷ २ × १०^५ अशा कळा दाबतात. यंत्र आधी भागाकार करून मग गुणाकार करते व ७५,००,००० हे उत्तर देते. खरे उत्तर ०.०००७५ आहे. घातांकासाठी असलेली स्वतंत्र कळ वापरली, किंवा छेदाला कंस दिला, तर ही चूक होत नाही. कंसापूर्वीचे गुणाकाराचे चिन्ह गाळल्यासही असाच घोटाळा होतो. ६÷२(१+२) या राशीचे उत्तर एफएक्स-९९१ईएस प्लस १ असे देते, तर अन्य काही यंत्रे ९ देतात. मित्राचे यंत्र मागून घेणाऱ्याला याची कल्पना नसते.

लोणावळ्याच्या पावसाळी अंधाराचाही येथे उल्लेख करावयास हवा. एफएक्स-९९१ईएस प्लस सौरपट्टी व बटन बॅटरी अशा दोहोंवर चालतो. बॅटरी संपली तरी भरपूर उजेडात ते उमगत नाही. ढगाळ दिवशी वीज गेलेल्या परीक्षागृहात मात्र पडदा कोरा होतो.

महाविद्यालयीन पातळीवर

परीक्षेच्या प्रारंभी पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याकरवी यंत्राची स्मृती पुसून घ्यावी, ही पद्धत जप्तीपेक्षा न्याय्य वाटते. एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये शिफ्ट, ९, ३ व नंतर बरोबरचे चिन्ह एवढ्या कळांनी ते साधते, आणि यंत्र पुन्हा अंशांवर येते. अंतर्गत परीक्षेपासून ही सवय लावल्यास कोनाच्या एककाची चूकही आपोआप टळते.

गेटसाठीचा सराव मात्र स्वतंत्रपणेच व्हावयास हवा. आभासी कॅल्क्युलेटरमध्ये आधी संख्या व मग फलनाची कळ असा क्रम आहे. ३० चा साइन काढताना प्रथम ३० द्यावे लागतात. हातातील यंत्रावर तीन-चार वर्षे याच्या उलट क्रमाची सवय झालेली असते. शिवाय समीकरणे सोडविणे, सारणिका, संकलन यांपैकी कोणतीही सोय तेथे नाही. परीक्षेच्या आयोजक संस्था सरावासाठी नमुना परीक्षा खुली करतात; महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत तृतीय वर्षापासूनच ती विद्यार्थ्यांकडून सोडवून घेता येईल, फक्त त्या वेळी कळफलक बाजूला ठेवून केवळ माऊस हाती द्यावा.