विरळ हवा : रोहतांगची गाडी आणि लेहचं विमान

गाड्या आणि विमानं ही माझी दोन जुनी वेडं. आज दोन्हींबद्दल एकदमच बोलतो, कारण विरळ हवा दोघांनाही सारखीच छळते.

आठवण चाळीसेक वर्षांपूर्वीची. आम्ही मनालीहून रोहतांगला निघालो होतो. कार्बोरेटरची जुनी गाडी, आत सहा माणसं, टपावर सामान. मढीच्या पुढे गाडी काळा धूर सोडू लागली, धापा टाकू लागली. पुढे एक ट्रक रखडत चालला होता. बाबांनी नेहमीच्या अंदाजाने ओव्हरटेक करायला घेतलं. सपाटीवर चार-पाच सेकंदांत ट्रक मागे पडला असता. इथे गाडी ट्रकच्या बरोबरीनेच राहिली आणि वळणावरून समोर बस आली. ट्रकवाल्याने ब्रेक मारून जागा दिली, म्हणून वाचलो. आई मनालीत परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

सगळ्यांनी दोष गाडीला दिला. पण गाडी ठीक होती.

रोहतांगची उंची 3,978 मीटर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असते. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण 1 किलो पेट्रोल नीट जाळायला जवळपास 15 किलो हवा लागते. सिलिंडर तेवढाच, पण त्यात येणारी हवा एक तृतीयांशाने कमी; ताकदही साधारण त्याच मापाने घटते. त्यात कार्बोरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. तो हवेच्या मानाने जास्तच पेट्रोल सोडत राहतो. तोच तो काळा धूर.

आजच्या गाड्यांत सेन्सर हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतात. धूर गेला, पण गेलेली ताकद परत येत नाही. ती बरीचशी परत आणतो टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर तो फिरतो आणि आत जाणारी हवा दाबून भरतो. म्हणून डोंगरात मोठ्या साध्या इंजिनापेक्षा मी लहान टर्बो इंजिन पसंत करतो. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

आता विमान. लेहचा विमानतळ सुमारे 3,256 मीटरवर आहे. विरळ हवेत पंखांना तेवढाच उचल मिळवायला वेग सुमारे 18 टक्के जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच इंजिनांचा जोरही कमी झालेला असतो. म्हणजे धावपट्टी जास्त लागणार. हवा तापली की ती आणखी विरळ होते: 15 अंशांवरून 40 अंशांवर गेली तर घनता 8 टक्के घटते. लेहची उड्डाणं मुख्यतः सकाळी असतात ती यासाठी, आणि दुपारच्या वाऱ्यांमुळेही. 2017च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा 48 अंशांजवळ गेला, तेव्हा लहान जेट विमानांची कित्येक उड्डाणं रद्द झाली होती.

एकदा लेहहून परतताना माझी बॅग मागे ठेवली. काउंटरवर मी चांगलाच तावातावाने भांडलो. रांगेतल्या एका निवृत्त वैमानिकाने मला बाजूला घेऊन समजावलं, "अहो, धावपट्टी लांबवता येत नाही, डोंगर हलवता येत नाहीत. कमी करता येतं ते फक्त वजन." उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तरी विमान डोंगरांवरून सुखरूप निघालं पाहिजे, या हिशोबाने वजन ठरतं. बॅग दुसऱ्या दिवशी आली. मला मात्र मढीच्या पुढचं ते वळण आठवलं. हाच हिशोब बाबांनी गाडी काढण्यापूर्वी केला नव्हता, आणि करायचा असतो हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकही नव्हतं.

तेव्हा डोंगरात जाल तेव्हा टपावरचं ओझं कमी करा. चढावर एसी बंद ठेवा, खालचा गिअर लवकर टाका. ओव्हरटेकला घरी जेवढी मोकळी जागा पुरते, त्याच्या दुप्पट दिसत नसेल तर ट्रकच्या मागेच राहा. उशीर होईल, होऊ द्या.