घर पाहावं घेऊन (लेखांक ९) : तळतळाट आणि राखीव किंमत

गेल्या आठवड्यातला करारनाम्यावरचा लेख वाचून कन्हानहून एका वाचकांचा फोन आला. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. फंडाचे पैसे हाताशी आहेत आणि तारसा रोडकडच्या एका ले-आऊटमध्ये बँकेने जप्त केलेलं घर लिलावात निघालं आहे. तसं घर बाजारात पंचवीस लाखांना जाईल. बँकेची राखीव किंमत अठरा. "कागद तुम्ही म्हणाल ते पाहतो जी," ते म्हणाले, "पण घरची मंडळी म्हणते, दुसऱ्याचा तळतळाट घेऊन वास्तुशांत कायले करता?"

रविवारी कामठीहून पूल ओलांडून ते घर पाहून आलो. फाटकाला साखळी, कुलपावर कापड गुंडाळून लाखेचं सील. भिंतीवर लाल रंगात बँकेचं नाव, दारावर डिंकाने डकवलेली ताबा सूचना. तिचा एक कोपरा पावसाने सुटलेला. मीटरची पेटी रिकामी, वायरी लोंबत होत्या. खिडकीत मात्र कूलर तसाच होता, ताट्या वाळून पिवळ्या पडलेल्या. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून विचारलं, "बँकेतून आले का?" नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या.

तळतळाटाला मी हसत नाही. त्या शब्दामागे आपल्याकडचा जुना अनुभव आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी तिथल्या देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गाव खवळलं, सावकारांवर बहिष्कार पडला आणि पुढच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. हेच दख्खनचे दंगे. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातूनच आला.

बँकेचा लिलाव म्हणजे सावकारी नव्हे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण विकता येतं, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं बुडीतकडे सरकतं. मग साठ दिवसांची मागणी नोटीस, तिच्यावर कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेचं उत्तर, त्यानंतर ताबा, मूल्यांकन, विक्रीची जाहीर सूचना. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. म्हणजे घर गेलं ते बोली लावणाऱ्यामुळे नाही. तुम्ही बोली लावली नाही म्हणून ते कर्जदाराला परत मिळत नाही.

मग पाप कुठे आहे? माझ्या मते, किमतीत. लिलावातून बँकेचं येणं फिटून पैसे उरले तर ते कर्जदाराचे; कमी पडले तर राहिलेली रक्कम बँक त्याच्याकडूनच वसूल करू शकते. समजा, येणं बावीस लाख आहे. घर अठराला गेलं तर घर गमावूनही माणूस चार लाखांचा देणेकरी राहतो. पंचविसाला गेलं तर, खर्च सोडता, तीन लाख हाती घेऊन तो कुठेतरी नव्याने सुरुवात करतो. तुमची सात लाखांची 'स्वस्ताई' बँकेच्या तिजोरीतून येत नाही, त्या कूलरवाल्याच्या खिशातून येते. म्हणून चार ओळखीचे दलाल आधी बसून "तू थांब, मी घेतो" असं ठरवतात, तो खरा तळतळाटाचा धंदा. आपण त्यात बसू नये, एवढं तर आपल्या हाती आहे.

त्याहून चांगला रस्ता लिलावाच्या आधी असतो. ओळखीत कोणाचं घर अडचणीत असेल तर मालक, बँक आणि तुम्ही असे तिघे बसून व्यवहार करा. रक्कम थेट कर्जखात्यात, उरलेली मालकाला. मात्र मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून मालकाला घर विकता येत नाही. आणि वेळ थोडा असतो: लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, हे बाफना मोटर्सच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. कन्हानच्या घरापुरती ती गाडी गेलेली आहे.

आता कागद. सूचनेत पहिला शब्द शोधायचा तो 'ताबा'. 'सांकेतिक' असेल तर घरात माणसं आहेत असं समजा. त्यांना बाहेर काढायला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, तहसीलचा माणूस, पोलीस हे सगळं लागतं आणि तोवर तुमचे पैसे अडकतात. शिवाय दारात उभं राहून दुसऱ्याची चूल हलताना पाहावी लागते. असं घर मी घेणार नाही. 'प्रत्यक्ष' म्हणजे कुलूप बँकेचं. तरीही आत कोणी भाडेकरू होता का, हे शेजारी विचारा.

दुसरा शब्दप्रयोग 'जेथे आहे, जसे आहे'. याचा अर्थ भानगडींसकट. वीजबिलाची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात मान्य केलं. तेव्हा महावितरणकडे ग्राहक क्रमांकावर आणि नगर परिषदेत घर क्रमांकावर चौकशी करा, मगच आकडा ठरवा. नागपूरकडच्या ले-आऊटमध्ये आणखी एक मेख असते: अकृषक आदेश खरा आहे का, नकाशा मंजूर आहे का. शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी लागू नाही, त्यामुळे सातबारावर अजून शेतीच असेल तर कर्जदाराला भांडायला जागा मिळते. नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात या घरावर दावा आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. बँकेने पायरी चुकवली असेल तर झालेली विक्रीही रद्द होऊ शकते.

पैशांचं वेळापत्रक निर्दयी आहे. अठरा लाखांना दहा टक्के इसारा म्हणजे १ लाख ८० हजार, बोलीआधीच. बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी इसाऱ्यासकट पंचवीस टक्के, म्हणजे साडेचार लाख. उरलेले साडेतेरा लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळालीच तर एकूण तीन महिन्यांच्या आत. चुकलात तर भरलेलं जप्त, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सेंट्रल बँकेच्या खटल्यात ही जप्ती योग्य ठरवली आहे. गृहकर्जाच्या भरवशावर असाल तर मंजुरी आधी हातात घ्या. मुद्रांक शुल्क वेगळं.

कन्हानच्या काकांना मी सांगितलं: अकृषक आदेशाची प्रत मिळाली तर जरूर बोली लावा. अठरावर कोणी पुढे आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, पण कोणी आलं तर त्याच्याशी चहा पिऊ नका. परवडेल तिथवर चढा.

एक सांगायचं राहून गेलं होतं, ते इथे सांगतो. सूचनेत जागा आणि बांधकाम आहे; खिडकीतला कूलर विक्रीत नाही. किल्ली घेताना बँकेकडून आतल्या सामानाची यादी मागा, मूळ मालकाला निरोप धाडा, आणि त्याचा कूलर त्याला नेऊ द्या.