सँक्शन

सँक्शन : परस्परविरोधी अर्थ धारण करणारा एक इंग्रजी शब्द. ‘मान्यता, मंजुरी’ आणि ‘शास्ती, निर्बंध’ हे त्याचे दोन प्रमुख अर्थ होत. अशा शब्दांची उदाहरणे इतर भाषांतही आढळतात. उदा., संस्कृतातील ‘आरात्’ हे अव्यय ‘जवळ’ व ‘दूर’ अशा दोन्ही अर्थी येते.

या शब्दाचे मूळ ‘सांकीरे’ (पवित्र व अनुल्लंघनीय ठरविणे) या लॅटिन धातूत आहे. कायदा अनुल्लंघनीय ठरवावयाचा, तर त्यास अधिकृत मान्यता हवी आणि तो मोडणाऱ्यास दंडही हवा. या दोन अंगांतून दोन अर्थ विकसित झाले. या नामाचा ‘मान्यता देणे’ या अर्थाचा क्रियापदरूप वापर अठराव्या शतकात, तर ‘निर्बंध लादणे’ या अर्थाचा विसाव्या शतकात रूढ झाला.

विधिशास्त्रात जेरेमी बेंथॅम याने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भौतिक, राजकीय, नैतिक व धार्मिक असे सँक्शनचे चार प्रकार मानले. त्यांत दुःखाप्रमाणे सुखाचाही अंतर्भाव होता. जॉन ऑस्टिन याने मात्र १८३२ मध्ये ही संज्ञा आज्ञाभंगामुळे ओढवणाऱ्या अनिष्टापुरती मर्यादित केली. आंतरराष्ट्रीय राजकारणात हाच अर्थ प्रबळ ठरला. ॲबिसिनियावरील आक्रमणाबद्दल राष्ट्रसंघाने १९३५ मध्ये इटलीवर आर्थिक निर्बंध लादले परंतु खनिज तेल त्यांतून वगळल्याने ते निष्प्रभ ठरले. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियावर असेच निर्बंध घातले.

भारतीय प्रशासनात याउलट मंजुरीचा अर्थ रूढ आहे. मंजूर पदे, खर्चाची मंजुरी इ. प्रयोग त्याचेच होत. लोकसेवकावर त्याच्या पदाशी संबंधित कृत्याबद्दल खटला चालविण्यास लागणारी शासनाची पूर्वमंजुरी (१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७, २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८) हीदेखील सँक्शनच होय.

अनेकवचनी नाम सामान्यतः निर्बंधांचा, तर एकवचनी नाम बहुधा मान्यतेचा बोध करते. क्रियापदाच्या बाबतीत मात्र असा आधार नसतो. एखाद्या शासनाने एखादा व्यवहार ‘सँक्शन’ केला, एवढ्यावरून त्यास परवानगी मिळाली की त्यावर बंदी आली, हे संदर्भावाचून ठरत नाही. म्हणून करारनामे व विधिविषयक मजकुरांच्या अनुवादात प्रसंगानुसार ‘मंजुरी’, ‘शास्ती’ वा ‘निर्बंध’ असा निश्चित पर्याय योजणे अगत्याचे असते. अन्यथा अनुमतीच्या जागी मनाई वाचली जाण्याचा संभव असतो.