जलप्रवास आणि दागिने

सातवाहनकाळी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण बंदरास जाई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, अशी लोकांची समजूत आहे. आज जुन्नर-आंबेगावची कुटुंबे पर्यटनाच्या बोटीवर चढतात ती मुंबईस. जकातीची चिंता मात्र सुटलेली नाही. बोट परदेशी जाणार असेल, तर निघण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्यास दागिने दाखवून निर्यातीचा दाखला घ्यावा. म्हणजे परतताना घरचेच सोने परदेशी खरेदी ठरत नाही.

बंदरावर मोठे सामान हमालांच्या स्वाधीन होते. ऐवज त्यात नसावा, हातच्या पिशवीत असावा. पाण्यात गारठून बोटे आकसतात व अंगठी नकळत गळते. नथीचे मोती मूळचे चुन्याच्याच जातीचे. घाम आणि अत्तर त्यांना सोसत नाही.

पिढीजात पाटल्या-तोड्यांनी तर उंबरठाच ओलांडू नये. त्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. परंतु तेथेही पुरती निश्चिंती नाही. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग अथवा नोकरांची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आजीच्या पाटल्यांस ते पुरणारे नाहीत. यास्तव प्रत्येक दागिन्याचे वजन व छायाचित्र घरी ठेवून निराळा विमा उतरावा.