फेरेट: एकाच्या सोबतीला दुसरा

कुत्रा, मांजर, पोपट, गाय यांच्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. फेरेट या प्राण्याला मात्र मराठीत स्वतःचे नाव नाही. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार मुस्कट आणि बिळात शिरण्याची हौस असे त्याचे वर्णन वाचले की अनुवादकाच्या लेखणीवर पहिला शब्द येतो तो ‘मुंगूस’. हिंदी भाषांतरांतही याच न्यायाने ‘नेवला’ हा शब्द योजला जातो. दिसण्यात साम्य आहे हे खरे. परंतु नाते दूरचे आहे. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा मानल्या जातात. मुंगूस हा मांजर, उदमांजर आणि तरस यांच्या शाखेतला, तर फेरेट हा कुत्रा आणि अस्वल यांच्या शाखेतला असून पाणमांजराचा जवळचा आप्त आहे. म्हणून या लेखात फेरेटला फेरेटच म्हटले आहे.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही, व्यवहारातही त्याला महत्त्व आहे. रायपूरसारख्या शहरात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. तेथील जुन्या वस्त्यांतील घरांच्या परसात मुंगूस आजही दिसतो. सापाचा वैरी म्हणून त्याच्याविषयी लोकांना जिव्हाळा आहे, आणि पंचतंत्रातील ब्राह्मण कुटुंबाने पुत्रवत वाढवलेल्या मुंगसाची कथा कोणाला ठाऊक नाही? तथापि मुंगूस हा वन्य प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले असून त्याला पकडणे, पाळणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. आईपासून दुरावलेले पिल्लू सापडल्यास वनविभागाला कळवावे, हाच योग्य मार्ग होय. फेरेटची गोष्ट वेगळी आहे. तो कोणत्याही रानातून धरून आणलेला नसतो, कारण तो रानातला प्राणीच उरलेला नाही.

यूरोपातील पोलकॅट नावाच्या वन्य प्राण्यापासून माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फेरेट माणसाळवला. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे की, बालेआरिक बेटांवर सशांनी पिकांचा असा फडशा पाडला की तेथील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. सशांना बिळांतून हुसकावून बाहेर काढण्यासाठी याच कुळातील माणसाळलेले प्राणी वापरले जात, असेही तो सांगतो. बिळाच्या एका तोंडातून फेरेट आत सोडायचा आणि दुसऱ्या तोंडाशी जाळे लावून बसायचे, ही शिकारीची रीत यूरोपात शतकानुशतके चालत आली. ‘फेरेट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘छोटा चोर’ असा आहे. हे नाव किती सार्थ आहे याचा अनुभव फेरेट पाळणाऱ्या प्रत्येकाला येतो. किल्ल्या, मोजे, चेंडू, खोडरबर, हाती लागेल ते उचलून पलंगाखाली किंवा कपाटामागे साठवणे हा त्याचा नित्यक्रम असतो.

फेरेट सुमारे पाच ते आठ वर्षे जगतो. नराचे वजन साधारणतः एक ते दोन किलो, मादीचे त्याहून पुष्कळ कमी. दिवसातील चौदा ते अठरा तास तो झोपेत घालवतो. ती झोप इतकी गाढ असते की नवख्या पालकास तो मेला की काय अशी शंका यावी. जागा झाला म्हणजे मात्र तो क्षणभर स्वस्थ बसत नाही. आनंदाच्या भरात तो पाठ कमानीसारखी वाकवतो, आडव्या उड्या मारतो, भिंतींवर आपटतो आणि तोंडाने हलकासा कुकूकू असा आवाज काढतो. हा हल्ला नसून खेळाचे आमंत्रण असते.

त्याची देहरचना ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे पालन करता येत नाही. त्याचे आतडे आखूड असते. खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते, त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. तो पूर्णतः मांसाहारी आहे. धान्य, फळे आणि गोड पदार्थ त्याला पचत नाहीत. वरणभात अथवा दूधपोळीवर मांजर एखादे वेळी निभावून नेईल, फेरेट नेणार नाही. शुद्ध शाकाहारी घरात त्याला आणण्यापूर्वी हा प्रश्न कुटुंबाने मोकळेपणाने सोडवला पाहिजे. रबराचा तुकडा गिळल्याने आतडे बंद होऊन मृत्यू ओढवणे ही याच्या बाबतीत नेहमीची दुर्घटना आहे. मादीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माजावर आलेल्या मादीचा नराशी संयोग झाला नाही तर तिचा माज आपोआप ओसरत नाही. शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढत जाऊन रक्तनिर्मिती मंदावते आणि ती दगावू शकते. म्हणून निर्बीजीकरण अथवा पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसरा उपाय करणे आवश्यक ठरते.

रोगांच्या बाबतीत फेरेट आणि माणूस यांच्यात एक अनपेक्षित दुवा आहे. माणसाचा इन्फ्लुएंझा फेरेटला होतो. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या संशोधकांनी रुग्णांच्या घशातील द्राव फेरेटच्या नाकात घालून हा रोग विषाणूमुळे होतो हे सिद्ध केले. पुढे एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना स्वतःलाच हा ज्वर आला. आजही या रोगाच्या संशोधनात फेरेटचा उपयोग होतो. घरातील कोणास ताप-खोकला असेल तर त्याने फेरेटला हाताळू नये, या नियमाचे मूळ येथे आहे.

याहून भयंकर रोग म्हणजे डिस्टेंपर. कुत्र्यांना होणारा हा विषाणुजन्य रोग फेरेटला झाला तर तो बहुधा वाचत नाही. उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांचा फेरेट हा पाळीव फेरेटचा वन्य भाऊबंद. ही जात नामशेष झाली असे मानले जात असता १९८१ साली वायोमिंग राज्यात तिचा एक कळप सापडला, आणि १९८५ मध्ये याच रोगाने तो कळप जवळजवळ नष्ट केला. उरलेले प्राणी पकडून बंदिवासात वाढवले गेले म्हणूनच ती जात टिकली. आपल्याकडील गल्लीबोळांत मोकाट कुत्र्यांचा वावर असल्याने हा विषाणू चपला-बुटांवरूनही घरात येऊ शकतो. कुत्र्यांसाठी बनवलेली जिवंत विषाणूंची काही लस फेरेटच्या बाबतीत रोगच निर्माण करू शकते. म्हणून लस कोणती द्यावी हे फेरेटची माहिती असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावे. रायपूरकरांच्या दृष्टीने दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्राणी आणण्यापूर्वीच अशा ठिकाणी चौकशी करून फेरेटवर उपचार करणारा वैद्य मिळेल की नाही याची खात्री करून घ्यावी.

तिसरा शत्रू म्हणजे उन्हाळा. फेरेट हा थंड प्रदेशातील प्राणी. घाम येऊन अंग निवण्याची सोय त्याला फारशी नाही. तापमान तीस अंशांच्या पलीकडे गेले की त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. रायपुरात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांवर जाणे नित्याचे आहे, आणि मे अखेरच्या नऊ दिवसांना तेथील लोक ‘नौतपा’ म्हणून ओळखतात. कूलर हवेत दमटपणा वाढवतो. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. म्हणजे वातानुकूलित खोली, वीज गेल्यास पर्यायी सोय, बर्फाच्या बाटल्या आणि ओले टॉवेल ही तयारी येथे चैन नसून जीवनावश्यक गरज आहे. धापा टाकणे, अंग सैल पडणे, हिरड्या लालभडक होणे ही उष्माघाताची लक्षणे दिसताच प्राण्याला थंड जागी न्यावे, साध्या पाण्याने अंग ओले करावे आणि विनाविलंब वैद्याकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ज्या घरात एक फेरेट आहे तेथे काही काळाने दुसरा आणण्याचा विचार हमखास निघतो. फेरेटला सोबत आवडते ही गोष्ट खरी आहे. एकाच झोळीत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपणारे फेरेट पाहिले की ती पटते. मालक दिवसभर कामावर असेल तर सोबती असणे प्राण्याला हितावहच ठरते. परंतु सोबती आणणे म्हणजे मालकाने वेळ देण्यातून सुटका करून घेणे नव्हे. पहिल्याशी खेळण्यास सवड नसेल तर दुसऱ्याशी खेळण्यास ती कोठून येणार?

नवा प्राणी घरी आला की त्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. फेरेटमध्ये अल्यूशियन रोग नावाचा एक विषाणुजन्य आजार आढळतो. तो अंगी असलेला प्राणी वरून निरोगी दिसू शकतो आणि त्यावर लस नाही. आतड्याचा एक संसर्गजन्य रोगही प्रौढ प्राण्यांकडून असाच पसरतो. म्हणून विलगीकरणाच्या काळात भांडी, बिछाने, हात धुण्याची शिस्त हे सारे वेगळे असावे आणि वैद्यकीय तपासणी याच मुदतीत उरकावी.

त्यानंतर ओळख करून द्यावी ती वासातून. एकाचा बिछाना दुसऱ्याच्या पिंजऱ्यात ठेवावा. काही दिवस अशी अदलाबदल चालू द्यावी. प्रत्यक्ष भेट अशा जागी घडवावी, जी पहिल्याने आपली मानलेली नाही. प्रारंभी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. या भेटीत काय दिसेल याची कल्पना नसेल तर माणूस घाबरून जातो. एक दुसऱ्याची मान तोंडात धरतो, त्याला फरफटत नेतो, लोळवतो. हे सारे अधिकार ठरवण्याचे स्वाभाविक प्रकार आहेत आणि त्यांत लगेच हात घालू नये. मात्र एखादा सतत किंकाळ्या फोडत असेल, भीतीने मलमूत्र विसर्जन करीत असेल, रक्त निघाले असेल किंवा कोपऱ्यात दडून अन्न सोडत असेल, तर दोघांना तत्काळ वेगळे करून काही दिवसांनी पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी. काही जोड्या दोन दिवसांत जमतात, काहींना दोन महिने लागतात, आणि काही कधीच जमत नाहीत. वर्षानुवर्षे एकटा राहिलेला वयस्क फेरेट उड्या मारणाऱ्या पिल्लाला वैतागतो. त्याच्यासाठी शांत स्वभावाचा प्रौढ सोबती अधिक योग्य. एकत्र झाल्यावरही अन्नाची भांडी, पाणी, झोळ्या आणि शौचाच्या पेट्या दोन-दोन असाव्यात. नर आणि मादी एकत्र ठेवायचे असतील तर निर्बीजीकरण आधी झालेले असावे.

दोन फेरेटपैकी एक आधी जातो. मागे राहिलेला कित्येकदा खेळणे सोडतो, खाणे कमी करतो, रिकाम्या झोळीशी घुटमळतो. अशा वेळी कुटुंब घाईने तिसरा आणते. खाणे मंदावलेला प्राणी आजारीही असू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करून घ्यावी. त्याची प्रकृती सावरली की मगच नव्या सोबत्याचा विचार करावा.

प्राणी कोठून घ्यावा हाही विवेकाचा भाग आहे. दुकानदाराकडे २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानविषयक नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी असली पाहिजे. प्राणी परदेशातून आणलेला असेल तर आयातीची कागदपत्रे मागावीत. कागदपत्रांवाचून विकला जाणारा प्राणी कोणत्या वाटेने आला आणि वाटेत किती मेले, हे खरेदीदाराला कधीच कळत नाही. ज्याला आपला फेरेट सांभाळणे अशक्य झाले आहे अशा कुटुंबाकडून त्याच्या आजारांच्या नोंदींसह तो दत्तक घेणे हा सर्वांत चांगला मार्ग होय.

नकोसा झालेला फेरेट शेतात अथवा तळ्याकाठी सोडून देण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. बहुतेक प्राणी भुकेने वा उन्हाने मरतील, आणि जगलेच तर हानी करतील. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सशांच्या नाशासाठी फेरेट सोडले गेले. त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांवर ताव मारला, आणि अखेर २००२ साली त्या देशाने फेरेटची विक्री व पैदास यांवर बंदी घातली. आपल्या मुंगसाचीही हीच कथा आहे. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकात नेले गेले, उसाच्या मळ्यांतील उंदरांसाठी. तेथून ते इतर बेटांवर पसरले आणि पक्षी व सरपटणारे प्राणी यांचा संहार झाला. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये विषारी सापांच्या बंदोबस्तासाठी मुंगूस सोडले. साप रात्री फिरणारा, मुंगूस दिवसा, त्यामुळे सापांना फारसा धक्का लागला नाही आणि तेथील दुर्मीळ ससे मात्र बळी पडले. तो मुंगूस नाहीसा झाल्याची घोषणा करण्यास २०२४ साल उजाडले.

दुसरा फेरेट आणू इच्छिणाऱ्याने म्हणून आधी साधा हिशेब मांडावा. सात-आठ वर्षे दोघांना पुरेल इतके मांस, उन्हाळ्याचे वीजबिल, दोघांच्या लशी व शस्त्रक्रिया, गावाला जाताना त्यांना सांभाळणारे विश्वासू माणूस आणि रोज निदान दोन-तीन तासांची मोकळीक. हा हिशेब जुळत असेल तर अवश्य आणावा. जुळत नसेल तर घरातील एकट्या फेरेटला तोच वेळ द्यावा. माणसाच्या सहवासातही तो आनंदाने राहतो.