दोरीचं दुसरं टोक

पॅरा-धावपटूंच्या टी-११, टी-१२, टी-२० या वर्गीकरणाची भानगड आज उलगडायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यात. धारूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्याला आधी उत्तर द्यायला हवं. त्यांच्या शाळेत सातवीतली एक मुलगी आहे, तिला अगदी अंधुक दिसतं, आणि तिला पळायचंय. बाई विचारतात : तिच्यासोबत कुणाला पळवू? आणि त्या सोबतिणीचं यात नुकसान तर होणार नाही ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांच्या मनात तोच असतो. नुकसान होत नाही. उलट सोबतिणीला जास्त चांगलं पळावं लागतं. कर्नाटकची रक्षिता राजू पूर्ण अंध आहे. १५०० मीटरमध्ये तिने २०१८ आणि २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धांत सुवर्ण मिळवलं, २०२४ मध्ये ती पॅरिस पॅरालिंपिकमध्ये धावली. तिच्या बाजूने राहुल बालकृष्ण पळतो. तिचा वेग राखायचा आणि वर बोलतही राहायचं : वळण आलं, पुढे एक जण आहे, शेवटचे शंभर राहिले. धापा टाकणाऱ्याला हे जमत नाही. शिवाय त्याने तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि अंतिम रेषा तिच्याआधी ओलांडायची नाही. ओलांडली तर सगळी मेहनत बाद.

म्हणून बाई, वर्गातली सगळ्यात मायाळू मुलगी निवडू नका. सगळ्यात वेगवान निवडा, आणि त्यातल्या त्यात बडबडी. मायाळू मुलगी हात धरून सांभाळत नेते, आणि मग ते पळणं राहतच नाही.

आता दोरी. हा माझा फार आवडता विषय आहे. बुटाची सुती नाडी पुरते. दोन्ही टोकांना बोटं जातील एवढे फास करा. रबर किंवा इलॅस्टिक नको, ताणणारी वस्तू वळणाचा निरोप उशिरा पोचवते. नाडी आखूड ठेवा, दोघींचे हात जवळजवळ भिडले पाहिजेत. एकीचा उजवा हात, दुसरीचा डावा. हे दोन हात एकत्र पुढे-मागे झाले पाहिजेत, आणि त्यासाठी पावलं उलटी पडावी लागतात : एकीचा डावा पाय पुढे, तेव्हा दुसरीचा उजवा. दोघींनी एकाच पायाने सुरुवात केली की हात एकमेकांना झटके देतात आणि पाचव्या-सहाव्या पावलाला सगळं विस्कटतं. आधी नुसतं चालवा. हात आपसूक जुळले की मगच पळवा. आणि मैदान आधी फिरून बघा. काळ्या रानाच्या भेगा आणि सराटे दिसणाऱ्या मुलीलाही पाडतात.

तुमच्या विद्यार्थिनीला थोडं दिसतं, तेव्हा दोरी हवी की नको हे तिलाच ठरवू द्या. अंशतः दिसणाऱ्यांच्या टी-१२ गटात सोबती ऐच्छिक असतो. सिमरन शर्मा याच गटातली. तिने अभय सिंगला सोबत घेऊन पॅरिसला २०० मीटरचं कांस्य मिळवलं.

एक अडचण खास आपल्या बीड जिल्ह्याची. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि सोबतीण आई-बापामागे कारखान्यावर गेली तर जोडी मोडते. हंगामी वसतिगृहात ती राहू शकली तर उत्तमच, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या दिवसापासून दोघी-तिघींना तयार करा, आणि त्यातली एक तरी गावात बारमाही राहणारी असू द्या. मोठ्या अंतराच्या शर्यतींत, ५००० मीटरपासून पुढे, नियमानेही दोन सोबती चालतात.

धावपटू अविनाश साबळेच्या मांडवा गावाबद्दल या सदराच्या तिसऱ्या भागात लिहिलं तेव्हा मुलांच्या पळण्यावरच जास्त बोललो. पण मुलीही पळतात, आणि सोबतीण त्यांच्यातूनही मिळू शकते. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तुम्हाला गावोगाव भेटतील. भरतीत त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ८०० मीटर रोज मोजून पळणारी मुलगी सातवीतल्या मुलीला सहज सोबत देऊ शकते, आणि तिच्या हलक्या सरावाच्या दिवशी त्यात तिचा काहीच खोळंबा होत नाही. शाळेने तिला विचारलं पाहिजे, एवढंच. माझ्या अनुभवात विचारलं की मुली नाही म्हणत नाहीत. अडतं ते घरून परवानगी मिळण्यापाशी, आणि तिथे बाईंनी स्वतः उंबऱ्यापर्यंत जाण्याला पर्याय नाही.

शाळेच्या क्रीडादिनाला ‘दिव्यांगांची शर्यत’ म्हणून दुपारी उन्हात वेगळी घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या १६ व्या कलमात शाळेतला खेळ इतरांच्या बरोबरीने मिळावा असं स्पष्ट आहे. सातवीच्या मुलींच्या शंभर मीटरमध्येच या जोडीला बाहेरच्या दोन लेन द्या. फक्की मारतानाच मधली रेघ सोडा म्हणजे झालं. वर्गात कर्णबधिर मुलगी असेल तर शिट्टीसोबत लाल रुमालही खाली आणा, तीही त्याच ओळीत उभी राहील.